आधी खेळा, मग पुसा

माझी भाची फोनवर गेम खेळते. तिच्या नावापुढे मेडलांची रांग असते. किती डाव खेळली, किती जिंकली, किती जणांना लोळवलं, सगळे आकडे जगाला दिसतात. मी कौतुकानं बघायला गेले, तर वर नाव कुणा पोराचं. ‘आत्या, मुलीचं नाव दिसलं की मुलं नको ते लिहितात,’ ती म्हणाली. माझं डोकंच फिरलं. खेळायचं हिनं आणि मेडलं कुठल्या तरी खोट्या पोराच्या छातीवर! हे मी धुळ्यात भोगलंय. तेव्हा फोन नव्हता, भिंत होती.

मी अकरावीला होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आणि तिला चिकटून नानांचं व्हिडिओ गेमचं दुकान. दुकान कसलं, एका खोलीत कपाटाएवढी दोन मशीनं, नानांनी सुरतेहून आणलेली. त्यातल्या विमानाच्या मशीनवर पोरं तुटून पडायची. वरून शत्रूची विमानं यायची, ती आपण खालून पाडायची. सर्वांत जास्त पॉइंट कुणाचे हे मशीन लक्षात ठेवायचं, पण लाइट गेली की सगळं विसरायचं. आणि धुळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसे. म्हणून नानांनी रस्त्याकडच्या भिंतीचा एक पट्टा काळा रंगवला आणि त्यावर खडूनं नाव आणि पॉइंट लिहायला सुरुवात केली. वरचं नाव पुसायचं असेल तर त्याहून जास्त पॉइंट करायचे, हा नियम. त्याला अपवाद नाही. दिवाळीला घरमालकाचा माणूस चुना मारायला आला, तर नानांनी तेवढा पट्टा सोडून मारायला लावला.

माझं कॉलेज सकाळचं, म्हणून दुपारी आई मला दळणाला पाठवायची. गिरणीवर रांग असायची. डबा रांगेत ठेवायचा आणि शेजारी शिरायचं. पोरं शाळेत, दुकान रिकामं. नाना पेंगत असायचे. माझ्या पिठाच्या हातानं त्या मशीनचा दांडा पांढरा व्हायचा. लाल विमान मागून येतं, त्याआधी क्षणभर वरची विमानं थांबतात, हे मला कळलं आणि मग मला कुणी धरू शकेना. एके दिवशी भिंतीवरच्या पहिल्या पोराला मी मागे टाकलं. नाना खडबडून जागे झाले, खडू घेतला आणि लिहिलं काय, तर माझ्या धाकट्या भावाचं नाव!

‘नाना, खेळले मी!’

‘माले दिसनं ना, बेटा. पन पोरीनं नाव रस्तावर? लोके काय म्हनतीन?’

लोक. त्या लोकांना दळण दळायला मुलगी चालायची, रस्त्यावरून डोक्यावर डबा घेऊन गेलेली चालायची, नाव तेवढं चालत नव्हतं. मी जीव तोडून खेळायची आणि नववीतला माझा भाऊ शाळेत छाती काढून फिरायचा. रात्री दुकान बंद होताना खेळतो, अशी थाप मारायचा. घरी मला म्हणायचा, ‘जरा जास्त पॉइंट कर ना, पोरं मागे लागलीत.’ मला त्याचा असा राग यायचा की मी त्याच्या ताटात भाजी आदळायची. पण त्याहून जास्त राग भिंतीचा यायचा. जाता-येता तिच्याकडे बघितलं की अंगाची आग व्हायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला गडीमाणसं उघड्यावर पत्ते कुटतात, कुणी काही म्हणत नाही. पोरी झोक्यावर असतात, त्यांनाही कुणी काही म्हणत नाही. नानांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सामना ठेवला आणि पहिल्याला मेडल जाहीर केलं. खेळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं, त्यावर गदा घेतलेला पैलवान. विमानाचा काय संबंध, पण दुकानात तेवढंच होतं.

मी सकाळीच ठरवलं होतं. मेंदीच्या हातांनी, नव्या बांगड्यांत, झोका सोडून दुकानात गेले. आत पोरांची ही गर्दी. भावाला सगळ्यांनी पुढे ढकललं होतं. चॅम्पियनच तो! त्याचं विमान बघता बघता कोसळलं आणि हशा पिकला. मी त्याला बाजूला सारलं. एक जण ओरडला, ‘पोरीसनं आठे काय काम?’ मी म्हटलं, ‘आखाजी पोरीस्ना सन शे. आज माले कोन आडवस, देखू!’

कुणी अडवलं नाही. मी खेळले. बांगड्या वाजत होत्या आणि हसणं थांबत गेलं. पत्ते टाकून माणसंही दारात येऊन उभी राहिली. शेवटी माझं विमान पडलं, नानांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि लाइट गेली.

‘मशीनमा काहीच नही! मोजाव नही!’ पोरं ओरडली.

‘मी मन्हा डोयास्नी देखं,’ नाना म्हणाले. त्यांनी खडू उचलला, भिंतीकडे गेले आणि सवयीनं परत भावाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मी त्यांच्या हातातून खडू घेतला. ते अक्षर तळव्यानं पुसलं आणि माझं नाव लिहिलं. बापाचं नाही, आडनाव नाही, फक्त माझं, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात.  नानांनी मेडल माझ्या गळ्यात घातलं.

संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, शिरपूरच्या गाडीवरची ड्युटी संपवून घरी आले. एसटीत कंडक्टर. येताना वाटेत भिंत वाचून आलेले.

‘ते नाव पुसी ये.’

मी मेडल अजून काढलं नव्हतं. ‘आबा, भिंतना नियम शे. पह्यले खेया, मंग पुसा.’

आईच्या हातातली पोळी हातात राहिली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. आबा चपला घालून बाहेर पडले. मी भावाला मागोमाग पिटाळलं. तो धापा टाकत परत आला तेव्हा हसू त्याच्या तोंडात मावत नव्हतं. आबांनी फडकं मागितलं होतं. नाना म्हणाले होते, नियम तो नियम. लाइट परत आली होती आणि आबा खाकी कपड्यात मशीनपुढे उभे राहिले होते.

बऱ्याच उशिरानं ते आले. हातपाय धुतले, पानावर बसले, दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘ते लाल विमान मांगून येस, ते कसं चुकाडतस?’

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझं नाव पुसलं असतं.