येशूच्या कपाळावरचं कुंकू

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेस्ट कंट्रोल असलं की घर रिकामं करावं लागतं. गेल्या हिवाळ्यात समोरच्या फ्लॅटची पाळी आली, तेव्हा तिथल्या वसईच्या शेजारणीने एक लाकडी डबा माझ्याकडे सोपवला. आत हातरुमालाएवढं कापड होतं आणि त्यावर येशूचा चेहरा. तो क्रूस घेऊन निघाला असताना एका बाईने त्याचा घामाने, रक्ताने माखलेला चेहरा आपल्या डोक्यावरच्या वस्त्राने पुसला, आणि तो वस्त्रावर तसाच उमटला, अशी त्यांची श्रद्धा. मूळ वस्त्र रोमला आहे म्हणतात. ही त्याची प्रत, त्याला टेकवून आणलेली. शेजारणीची आई शेवटच्या आजारात ती उशाशी घेऊन झोपायची.

"जपशील ना गं?" तिने विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, आणि शेवटी देव तो देव, म्हणून कापड उलगडून थेट देवघरात ठेवलं.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाईंना सांगायचं मात्र राहिलं. सकाळी आंघोळ करून त्यांनी सगळ्या देवांना कुंकू लावलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. पाण्यात कालवलेलं, चांगलं ठसठशीत.

मी धावले. टिश्यूने टिपायला गेले तर डाग आणखी पसरला. वर सासूबाई माझ्यावरच चिडल्या, "देवाचं कपाळ असं मोकळं ठेवतात का?" मला इतका राग आला की दिवसभर मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी शेजारीण आली. मी कापड पुढे केलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने ते हातात घेऊन डाग निरखून पाहिला. आता आपली मैत्री खलास, असं मी मनात म्हटलं.

"काकू, तुम्ही लावलंत?"

"मीच लावलं, बाई," सासूबाई पहिल्यांदाच नरमल्या. "चेहरा फार दमलेला, मळलेला वाटला गं. म्हणून आधी पदराने पुसला, मग लावलं."

"पदराने पुसलात?"

"मग? पुसल्याशिवाय कसं लावणार?"

शेजारणीने कापड छातीशी धरलं. ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. "राहू दे गं तो डाग," ती मला म्हणाली. "यल्ला, चल, चहा टाक."

मी चहा टाकला. पहिला कप सासूबाईंना दिला.