समितीची हरकत नाही

सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायची. मागच्या सभेची फाईल उघडायची, तारीख बदलायची, विषय बदलायचे, 'सर्वानुमते मंजूर' आहे तसं राहू द्यायचं आणि प्रिंट काढायची. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. हाताला सवय झाली की डोक्याला कोण विचारतं?

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. भिवंडीतल्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. आदिवासींचं म्हणणं सरकारपर्यंत पोचावं म्हणून तिथे एक सल्लागार समिती होती. दर तीन महिन्यांनी बैठक. अध्यक्ष एक पुढारी, सचिव म्हणून आमचे साहेब, आणि आठ-दहा सदस्य. त्यांत आदिवासी दोनच. एक कधी फिरकायचा नाही. दुसरा आमच्याच शिवारातल्या कातकरी वाडीतला म्हातारा.

तिथली रीत अशी की सही आधी, सभा नंतर. दारात शिपाई रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन उभा असायचा. सही नाहीतर अंगठा दिला की वडापाव आणि चहा. सदस्यांना लवकर निघायची घाई, म्हणून हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. हजेरीचं ते पान मी नंतर इतिवृत्ताला टाचायची. म्हणजे जो आला, तो सगळ्याला हो म्हणाला. अध्यक्ष म्हाताऱ्याला विचारायचे, "काय आजोबा, बरोबर ना?" आजोबा मान डोलवायचे. कधी तोंड उघडलंच तर, "साहेब सांगतील तसा."

मुकी बिचारी कुणीही हाका.

मग म्हाताऱ्याच्या छातीत कफ धरला आणि तो अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी त्याच्या सुनेला घ्या, असं अध्यक्षच म्हणाले. "बाई घेतली की महिला पण होते आणि गप्प पण बसते." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

वाडी म्हणजे अकरा घरं, अंजूरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, आमच्या शेताच्या कडेला. माझ्या पणज्याच्या आधीपासून तिथे. सातबाऱ्यावर नाव मात्र आमचं. दापोड्याकडे गोदामं वाढत वाढत आमच्या बांधापर्यंत आली होती आणि एका गोदामवाल्याला नेमका तोच तुकडा हवा होता.

बैठकीच्या आदल्या सकाळी मी डबा भरत होते तेव्हा काका ओट्याशी येऊन उभे राहिले. "उद्याच्या मीटिंगच्या कागदात एक ओल टाक. वाडीवाले दुसरीकरं जायाला तयार हायेत म्हनून."

"विचारलंय का त्यांना?"

"तू सरकार हायेस का गो? टायपिंग कर."

बाबा शेजारीच चहा पीत होते. त्यांनी बशीतून नजर वर केली नाही. मी दिवसभर धुसफुसत होते, पण संध्याकाळी ती ओळ टाईप केली. 'वाडीतील कुटुंबांनी स्थलांतरास संमती दर्शविली.' माझा राग असा. तोंडात असतो, बोटांत उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची सून आली. दोन्ही हातांच्या अंगठ्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. शिपाई पॅड पुढे करून उभाच राहिला.

"काय झालं?"

"कोयता लागला."

"दोन्ही अंगठ्यांना?"

"हां."

शिपाई हसला, मागच्या माणसाची सही घेतली आणि हिचं नंतर बघू म्हणाला. वडापाव दिला, तो तिने पिशवीत टाकला आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. मी टेबलाच्या टोकाला कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. तिच्याकडे बघायचं टाळत होते. त्या चिंध्यांना रक्ताचा एक डागही नव्हता.

विषय एक, दोन, तीन भराभर झाले. चौथ्याला अध्यक्ष म्हणाले, "वाडीचा विषय, सर्वानुमते," आणि पान उलटू लागले.

"माझा अंगठा न्हाय त्याच्याव," ती म्हणाली.

ती उभीसुद्धा राहिली नव्हती. सगळ्यांसमोर तिने शांतपणे एका अंगठ्याची चिंधी सोडली, मग दुसऱ्याची. दोन्ही अंगठे धडधाकट. चिंध्यांची घडी करून तिने कमरेला खोचली.

"आता कागूद वाचा. आयकते, मंग काय ता सांगते."

अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते म्हणाले, "बाई, हे सगळं तुमच्या भल्याचं आहे." ती म्हणाली, "भल्याचा हाय तं वाचायाला काय झाला?" आमचे साहेब नवीन बदलून आलेले, अजून इथलं पाणी न लागलेले. त्यांनी मला खूण केली. मी ओळ वाचली.

"संमती म्हंजे काय गो बाय?"

मला 'अनुमती' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि ती आमच्या बांधावरून रोज जायची. मी आमच्या बोलीत सांगितलं, "तुम्ही घरा सोरून जायाला हो म्हनलाव, असा ल्हिवलाय."

"कवा म्हनलाव?"

साहेबांनी चष्मा काढला. "हो, हे कधी लिहिलं?"

"काल संध्याकाळी," मी म्हणाले.

एक सदस्य खोकला आणि उठून बाहेर गेला. साहेबांनी कागद ओढून घेतला, त्या ओळीवर काट मारली, बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं की कुटुंबांचा स्थलांतरास विरोध आहे, आणि ते तिला दोनदा वाचून दाखवलं. मग तिने अंगठा दिला. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. जन्मात पहिल्यांदा त्या समितीत कुणीतरी आपलं म्हणणं मांडलं होतं, आणि मी तिथे होते.

घरी गेले ती भीतभीतच. काकांना बातमी माझ्याआधी पोचली होती. पण ते ओरडले नाहीत. "बरा झाला. नवा साहेब हाय, शिकल," एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावला. अख्ख्या गावाला शिव्या घालणारा माणूस. तिथेच मला कळायला हवं होतं.

चार दिवसांनी ती बांधावर भेटली. म्हणाली, "बाय, माझा सासरा तीन वर्सा येत व्हता. तो कशाकशाला हो म्हनला, ता सगला मना वाचून दाखव." मी फुशारकीत होते. लगेच कबूल केलं. जुन्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स काढल्या आणि रविवारी वाडीवर गेले.

म्हातारा बाजेवर टेकून बसला होता. ती खाली बसून कोलंबी निवडत होती. मी एकेक कागद वाचत गेले. अंगणवाडी गावात हलवण्यास मंजुरी. तळं मासेमारीसाठी ठेक्याने देण्यास मंजुरी. दर वेळी म्हातारा म्हणायचा, "हां? मी व्हतो?" ती कोलंबी निवडत राहायची.

दोन वर्षांपूर्वीच्या एका कागदावर मी थांबले. 'सदर गट क्रमांकाची जमीन बिनशेती करण्यास आदिवासी समाजाची व समितीची हरकत नाही.' गट क्रमांक मला पाठ होता. आमच्या सातबाऱ्यावरचाच तो. शेतजमिनीवर गोदाम उठवायचं तर ती आधी बिनशेती करून घ्यावी लागते, आणि समितीत त्याच्या आड येऊ शकणारं म्हणणं एकाच माणसाचं होतं, या म्हाताऱ्याचं. मागे टाचलेल्या हजेरीच्या पानावर त्याचा अंगठा होता. परवानगी कधीच निघाली होती. सभेत साहेबांनी खोडली ती ओळ नुसती पुढची लगबग होती, ती नसती तरी काही अडणार नव्हतं. अडलंही नाही. त्या दिवाळीनंतर वाडी उठली.

तो कागद मीच टाईप केला होता. माझ्याच घरचा गट क्रमांक, माझ्याच बोटांनी, आणि मला आठवतसुद्धा नव्हतं.

त्यांना सांगताना मी अडखळत होते, पण सांगितलं सगळं. म्हाताऱ्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो सुनेकडे बघून म्हणाला, "म्हंजे घरा मीच घालवली."

"तुमाला कुठं वाचता येतंय," ती म्हणाली. हातातली कोलंबी टोपलीत टाकली. "हिला येतंय."