दोन बोटं जास्त

मास्तरांनी चाळीस वर्षं कपडे शिवले आणि प्रत्येक शिवणीत दोन बोटं कापड जास्तच सोडलं. माणूस सुटतो, मग उसवून सैल करता येतं. या सवयीचा त्यांना भारी अभिमान होता.

मागच्या अंगणातल्या कुंडीतलं लॅव्हेंडर मात्र बायकोच्या ताब्यात. रेताड माती, दिवसभर ऊन, आणि वरची माती ठणठणीत वाळल्याशिवाय थेंबभर पाणी नाही. मास्तर कुंडीकडे वळले की ती ओरडायची, "अहो, लांब राहा त्याच्यापासून!"

या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली आणि तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी दिवसाला एकच बाटली पाणी ठरवून दिलं, चहासकट. मास्तरांनी बाटलीला जुन्या मोजपट्टीचा तुकडा चिकटवला. पण बाटली दुपारीच संपायची.

"अहो, घसा सुकलाय हो."

दोन घोटांनी काय होतंय, म्हणत मास्तर पेला भरायचे. उरलेलं कुंडीत ओतायचे, कारण लॅव्हेंडरही मान टाकायला लागलं होतं. जितकं ते वाकलं, तितकं मास्तरांनी पाणी वाढवलं.

दरम्यान तिचा गाउन दंडात घट्ट झाला. अंग धरतेय बाई, असं वाटून मास्तर मनातून हरखले. एक बोट उसवलं. आठवड्याने दुसरं.

आज सकाळी पिवळं पान तोडायला गेले, तर अख्खं झाड हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत. घाण वास सुटला होता. ते तसंच तिच्यापुढे धरून उभे राहिले.

ती चार उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की धाप लागायची.

"पाणी घालत होतात?"

"सुकतंय असं वाटलं गं."

"बुडालं तरी ते तसंच दिसतं," ती थांबत थांबत म्हणाली. "मुळं कुजली की वर पाणी चढतच नाही."

मास्तरांची नजर तिच्या दंडावर गेली. गाउन पुन्हा ताणला होता. शिवणीत आता सोडायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मास्तर भयंकर घाबरले.

"अहो, घोटभर द्या ना."

"नको गं. आज नको."

ती कळवळून त्यांच्याकडे बघत राहिली. "असं काय करता? कालपर्यंत देत होतात की."