मागच्या सीटवरचा वास

आजऱ्याहून पहाटे निघालो तेव्हा माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता. धाकटी बहीण अश्विनी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती आणि आता तीन महिन्यांच्या लेकाला घेऊन सासरी, गोव्यातल्या लाटंबार्सेला निघाली होती. बाळ पहिल्यांदा स्वतःच्या घरी जाणार आणि त्याला पोचवायचा मान मामाचा. आईने मागच्या सीटवर गोधडी अंथरली, डिकीत पाळणा बांधला आणि चार वेळा बजावलं, "दुपारच्या आत बोलावलंय. वाटेत रमत बसू नकोस." गोव्याला मी आजवर फक्त समुद्रासाठी गेलो होतो. आतला गोवा आता दिसणार होता.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि बांदा मागे टाकलं, पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली. हद्द ओलांडली की आमच्याकडचा माणूस पहिलं काम काय करतो ते इथल्या पंपवाल्यांना पाठ आहे. गोव्यात पेट्रोल स्वस्त. नळीने खट्ट करून आपलं काम संपवलं, तरी मी ऐकतो कुठला? उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली, आतले बुडबुडे बसवले आणि अगदी गळ्यापर्यंत भरून घेतलं. पंपावरचा माणूस म्हणाला, "पुरो आता, भायर येतलां." (पुरे, बाहेर येईल.) मला लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

पेडण्यात उंडे (वरून कडक, गोल पाव) आणि पातळभाजी खाल्ली. बाळ दूध पिऊन झोपलं. मोठा रस्ता सोडून इब्रामपूरच्या दिशेला वळलो आणि मी हरखूनच गेलो. तांबड्या मातीचे चढ-उतार, पोफळींची सावली, झाडाखाली पिकून पडलेली काजूची बोंडं. "आपण उगाच किनाऱ्यावर गर्दी करत होतो," मी म्हणालो.

"दादा, पेट्रोलचा वास येतोय," अश्विनी मागून म्हणाली.

"आत्ताच भरलंय. माझ्या हाताचा असेल."

थोड्या वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली. मी बोंडांवर ढकललं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा उतरलो, बॉनेट उघडलं आणि मोठ्या वैद्यासारखा इंजिन हुंगून आलो. काही नव्हतं. "पुढनं नाही, माझ्या खालनं येतोय," ती म्हणाली. "बाळंतिणीचं नाक ते, शेजारच्या गावातली फोडणीही सांगशील," असं म्हणून मी गाडी दामटली.

पुढचा चढ संपता संपता बाळ ठसकून जागं झालं आणि रडायला लागलं. अश्विनीने गाडी थांबवायला लावली, त्याला छातीशी धरून खाली उतरली आणि फणसाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. "वास गेल्याशिवाय याला आत बसवणार नाही. बस मिळेल तिने जाईन." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. पेट्रोल म्हणजे आग, आणि त्या आगीवर मी भाच्याला झोपवलं होतं की काय?

स्कूटरवरून जाणाऱ्या एका बाईंनी वळणापलीकडचं पुंडलिक मिस्त्रीचं गॅरेज दाखवलं. अश्विनी चालत गेली. उतार होता, मी इंजिन बंद ठेवूनच गाडी खाली सोडली. मिस्त्री आल्या आल्या मी इंजिनाबद्दलचा माझा अभ्यास सांगू लागलो. त्याने हात वर केला.

"तुमका न्हय, बायेक विचारतंय. बाये, वास खंय इलो?" (कुठे आला?)

"माझ्या सीटखाली. चढाला जास्त, सपाटीला कमी."

मग तो माझ्याकडे वळला. "टाकी भरल्या?"

"पूर्ण."

"गाडी हालयली?"

मी मान डोलावली. तो म्हणाला, "घाटावरचे सगळे हालयतत. आणि पेट्रोल भरून तुमचां नाक मेलां. तुमका कायच कळूचां ना."

त्याने आधी बॅटरीची तार काढली. मग मागची सीट उचलली. तिच्याखाली टाकीच्या माथ्यावरचं झाकण होतं, त्याच्या कडेने ओलसर डाग पसरलेला. झाकणाखाली बसवलेली रबरी रिंग वाळून चिरली होती. एरवी मी थोडं थोडं पेट्रोल भरतो, ते झाकणापर्यंत पोचतच नाही. आज गळ्यापर्यंत भरलं आणि प्रत्येक चढाला ते हिंदकळून चिरेतून बाहेर आलं. मिस्त्रीने हातपंपाने थोडं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, मापाची नवी रिंग शोधून बसवली, कडा पुसून काढल्या आणि चारही दारं सताड उघडी ठेवली. तोवर त्याच्या बायकोने अश्विनीला पडवीत बसवून पेज वाढली होती. ऊन चढत होतं आणि मी अंगणात येरझारा घालत होतो.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "आता बाय पारख करतली." बाळाला त्याच्या बायकोकडे देऊन अश्विनी एकटीच मागे बसली. काचा वर. मी तोच चढ दोनदा चढलो-उतरलो. आरशात तिचा चेहरा बघत होतो. दहावीच्या निकालालाही मी इतका घामेजलो नव्हतो.

"नाही येत," ती म्हणाली. मी हॉर्न वाजवतच अंगणात शिरलो.

लाटंबार्सेला पोचलो तेव्हा दुपार टळू लागली होती. सगळं घर दारात उभं होतं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि बाळाला घेऊन त्याची टाळू हुंगली. गोधडीत, कपड्यांत कुठे पेट्रोल राहिलं असेल तर? त्यांनी डोळे मिटून पुन्हा हुंगली.

"म्हज्या पुताचोच वास," (माझ्या लेकाचाच) त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग अश्विनी रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. दोडामार्ग ओलांडल्यावर, खात्री करावी म्हणून सावलीत गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि अश्विनी बसली होती तिथे जाऊन बसलो. वास अजिबात नव्हता. समोर माझी रिकामी सीट होती, तिच्या आड रस्ता धड दिसत नव्हता. ही गाडी घेऊन सात वर्षं झाली. मागच्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.