चौथीच्या वर्गाला टीचर हवाय

मंडळी, डोकं फिरलंय! दुबई भागातल्या आमच्या कॅथलिक चर्चेसच्या धर्मशिक्षणाचा प्रमुख केलंय मला, कॉलेज अर्धवट सोडलेल्याला.

आज दोन तास मीटिंग चालली ती टीचर लोकांच्या टी-शर्टच्या रंगावर. (समोसे मात्र झकास होते.) चौथीची टीचर कायमची कॅनडाला गेली, तिचा वर्ग कोण घेणार, असं विचारलं तर सगळे म्हणाले, "इन्शाल्ला, ब्रदर!" म्हणजे इथल्या भाषेत, देवाची मर्जी, बघू पुढे.

शेवटी मीच वर्गात गेलो. एका चिमुरडीनं पहिलाच प्रश्न टाकला, "सर, आर यू ऑल्सो लीव्हिंग?"

मोबाइलमध्ये माझं जॉर्जियाचं तिकीट होतं, तीन महिन्यांच्या भटकंतीचं. तोंडातून निघून गेलं, "नो."

आता तिकीट कॅन्सल करत बसलोय. पण एकटा किती वर्ग घेऊ? शनिवारी कोण एक तास देतंय? इन्शाल्ला नको, हो की नाही तेवढं लिहा.