अंगणातलं बेळगाव

गुंडूअण्णा वाळूकडे बघत नसत. मूठ भरायचे, दाबायचे आणि बोटं उघडायचे. हातात जो गोळा राहायचा तो अंगठ्यानं मोडायचे. कड स्वच्छ मोडली तर वाळू साच्याला तयार. भुगा झाला तर पाणी कमी. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि मग लोखंड ओतलं की वाफ कोंडणार, मालात भोकं पडणार. हे मला त्यांनी शिकवलं. बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्रीत त्यांच्या शेजारी उभा राहून मी साचे ठोकले, आणि त्या कामावर माझ्या मुलींची शिक्षणं झाली. म्हणून हे लिहितो आहे.

मी बेंगळुरूचाच. आमच्या घरात मराठी किती पिढ्यांची ते आता कुणाला सांगता येत नाही. गुंडूअण्णा बेळगावचे. पण तसं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

"शहापूरचा," ते म्हणायचे.

"शहापूर म्हणजे बेळगावच की, अण्णा."

"आता. माझा आजा रस्ता ओलांडून बाजाराला जायचा तेव्हा राज्य बदलायचं. शहापूर सांगलीच्या संस्थानात आणि पलीकडं इंग्रजांची छावणी."

शहापूर विणकरांचं. गुंडूअण्णांची आई लवकर गेली आणि थोरल्या बहिणीनं, चंद्राबाईनं, त्यांना वाढवलं. ती मागवाल्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरायची. चरखा फिरवून तिच्या उजव्या खांद्यात कायमची कळ राहिली. भाऊ हाताशी आल्यावर तिनंच त्यांना उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नेऊन उभं केलं आणि मिस्त्रीला सांगितलं, "मारा, पण शिकवा." मग तिनं लग्न केलं. गावातल्या गावातच, त्याच गल्लीत.

गुंडूअण्णा पीण्यात आले तेव्हा चांगले तयार कारागीर होते. तरी त्यांच्या साच्यांच्या कडा ढासळायला लागल्या. कारण साधं होतं, पण सापडायला वेळ लागला. बेळगाव घाटाच्या काठावर आहे. पावसाळाभर तिथं धुकं घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, आणि उघड्यावरची वाळू हवेतूनच पाणी पिते. तिथं शिकलेला हात पाणी घालताना आखडतो. इथं पीण्यात वारा कोरडा. सकाळी ठोकलेला साचा ओतायच्या वेळेपर्यंत कडेनं सुकलेला असायचा.

दुसरा कुणी असता तर त्यानं वाळूवाल्याला शिव्या दिल्या असत्या. गुंडूअण्णा पाळी संपल्यावर थांबायचे आणि नुसत्या मुठी भरून मोडायचे. "हात बेळगावचा आहे," ते म्हणाले. "त्याला इथलं पाणी शिकवायला पाहिजे." शिकवलं. पुढं त्यांच्या साच्यातला माल परत आलेला मी पाहिला नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता अलीकडची.

चंद्राबाईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्या शहापुरात एकट्याच राहायच्या, मातीच्या भिंतीच्या, कौलारू घरात. दोन पावसाळ्यांमागं त्या घराची मागची भिंत पडली. त्या पुढच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. गुंडूअण्णा फोनवर रोज सांगायचे, इकडं ये. त्या रोज विचारायच्या, "तिथं काय आहे? डोंगर आहे काय? झडीचा पाऊस आहे काय? मला ओळखणारं एक कुत्रं तरी आहे काय?"

बेंगळुरू खरं तर बेळगावपेक्षा उंचावर आहे, पण पीण्यातून डोंगर दिसत नाही. अण्णांच्या डोक्यात एकच होतं. मागची भिंत गेली, येत्या पावसात पुढची जाईल, आणि तेव्हा अक्का पुढच्याच खोलीत असेल.

शेवटी त्या भाऊबिजेला यायला तयार झाल्या. पण दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट काढूनच.

"एका दिवसात काय दाखवणार त्यांना?" सुनंदाबाईंनी विचारलं. सुनंदाबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी, माहेर खानापूर. "मॉल?"

"किल्ला करतो," अण्णा म्हणाले.

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात. लहानपणी अण्णा करायचे तेव्हा माती अक्का कालवून द्यायची. पण या वेळी त्यांना एक किल्ला नको होता. अख्खं गाव पाहिजे होतं, घाटापासून गोकाकपर्यंत. मला बोलावणं आलं. गुडघ्यांची तक्रार मी सांगितली. "गुडघ्यानं कुठं माती ठोकायची आहे?" असं उत्तर आलं.

घरमालक भीमाचार्य खालच्या अंगणात येऊन उभे राहिले. "गुंडूअण्णा, स्वल्प जागा पाहिजे म्हणालात. हे तर अर्धं अंगण झालं. माझी स्कूटर कुठं लावू?"

"गोव्याकडं लावा, आचार्य. तिकडं खाली घाट आहे, कुणाच्या वाटेत येत नाही."

आचार्यांनी स्कूटर खरोखर गोव्याकडं लावली. ती अजून तिथंच असते.

तांबडी माती शेजारच्या बांधकामावरून आणली. काळी वाळू आमच्या जुन्या फाउंड्रीतून, ओतून जळलेली. पश्चिमेला तांबडी, पूर्वेला काळी. गावाकडं तसंच आहे, अण्णा म्हणाले, घाटाकडं जांभा नि तांबडी जमीन, गोकाक-सौंदत्तीकडं काळं रान. विटा रचून वर गोणपाट घातलं आणि मी सह्याद्री लिंपायला घेतला. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिला. चांगला गुळगुळीत केला.

अण्णांनी बघितलं. "मोड."

"का?"

"बेळगावकडून जाताना डोंगर लागतच नाही. गाडी चढली कधी ते कळत नाही, आणि एकदम पायाखाली गोवा. इकडून सपाट, तिकडून कडा. मोड सगळं."

मोडलं. पुन्हा केलं. चुकीचं काम नीट केलं म्हणून ते बरोबर होत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

मग मोहरी पेरली. घाटावर दाट, खानापूरला जरा कमी, गावावर विरळ, आणि गोकाककडं चिमटीभर. समुद्रावरून आलेला ढग कड्याला धडकतो, तिथंच बराचसा रिकामा होतो, उरलेला बेळगावला मिळतो, पुढच्यांना त्याचा वास. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. हातानं पेरलं म्हणून राहिलं. दिवाळीपर्यंत घाट हिरवागार झाला आणि गोकाकला चार काड्या आल्या.

गावाच्या पूर्वेला भुईकोट किल्ला केला, जवळजवळ गोल, भोवती खंदक. रट्ट राजांनी बांधला, आदिलशाहीत वाढला, शेवटी इंग्रजांनी घेतला, असं अण्णा दगड लावता लावता सांगत होते. आत जुनी जैन बस्ती, म्हणजे देऊळ, तिला आम्ही फरशीचा तुकडा घासून बसवला. पश्चिमेला छावणीचे सरळ रस्ते. दक्षिणेला येळ्ळूरचा गड. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव, म्हणून सुनंदाबाईंनी खराट्याच्या काड्या खोचून बांबूचं बन केलं.

शहापूर अण्णांनी कुणाला हात लावू दिलं नाही. बाकी सगळं मी ठोकलं होतं, शहापूर त्यांनी ठोकलं. फाउंड्रीत असायची तशी लाकडी ठोकणी घेऊन, थरावर थर, दर थराला मूठ मोडून बघत. मग बोटांनी गल्ली काढली. गल्लीत अक्काचं घर. मागच्या भिंतीसकट.

"अण्णा, एक प्लास्टिक आणून ठेवू," मी म्हटलं.

"कशाला की?"

"पाऊस आला तर."

"दिवाळीत कुठला पाऊस, शामा?"

"दिवाळीला आमच्या खानापुरात पापड बाहेर वाळतात," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणि खानापूर म्हणजे पावसाचं आगर."

मी जन्मापासून इथं दिवाळीत भिजलेले फटाके पाहत आलो. पुन्हा सांगितलं. दोघंही हसले. इतकी वर्षं इथं काढली, इथलं रेशनकार्ड, इथली कानडी, पण ऋतू मात्र दोघांनी गावचेच ठेवले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी होसकोटेच्या बाजूनं आभाळ काळं झालं. होसकोटे पूर्वेला. या दिवसांतला इथला पाऊस पूर्वेकडूनच येतो. बेळगावचा येतो पश्चिमेकडून, आणि अण्णांचं सगळं गाव त्या पावसासाठी बांधलेलं. तिकडं विटा, गोणपाट, दाट मोहरी. इकडं, गोकाकच्या अंगाला, नुसती जळकी वाळू. तिच्यात चिकटपणा उरलेला नसतो. आम्ही ताडपत्री शोधेपर्यंत काळं रान वाहून आचार्यांच्या दारात गेलं. किल्ल्याचा पूर्वेकडचा तट खंदकात बसला. घाट जसाच्या तसा.

अण्णा पायरीवर बसून राहिले. पाडव्याला सकाळी घमेलं आणि फावडं घेऊन आले.

"तिला हे दाखवू काय? आधीच म्हणते इथं काय आहे. भरू दे पोत्यात."

"राहू द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "उद्या त्या जाणारच आहेत. तुम्ही खपलात एवढं तरी कळू दे."

अण्णांनी घमेलं ठेवलं. पण त्या दिवशी गोड काही खाल्लं नाही.

भाऊबिजेच्या सकाळी यशवंतपूर स्टेशनवर आम्ही दोघं उतरवून घ्यायला गेलो. चंद्राबाई लहानखुऱ्या, नऊवारी नेसलेल्या, हातात एकच पिशवी आणि बेळगावी कुंदा मिठाईचा डबा. पिशवी मी घेऊ लागलो तर म्हणाल्या, "राहू दे. उद्या परत न्यायचीच आहे."

अंगणात आल्या आणि थांबल्या. अण्णा त्यांच्या मागे उभे होते. सुनंदाबाई दारात ओवाळणीचं तबक घेऊन.

चंद्राबाईंनी आधी घाट बघितला. मग घाटाकडून चालत फिरून पूर्वेला आल्या.

"हे बेळगाव काय रे?"

"व्हय, अक्का."

"गोकाक कुठं गेलं?"

"आचार्यांच्या दारात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली. "पाऊस ह्या बाजूनं आला?"

"व्हय."

"दिवाळीत?"

"इथं येतो," अण्णा पुटपुटले.

"येतो हे तुला कधी कळलं?"

"परवा."

सुनंदाबाईंना हसू आवरेना. चंद्राबाई हसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी शहापूर बघितलं. त्याचा एक कोपराही हलला नव्हता. गल्लीतल्या त्या घरावर त्यांनी बोट ठेवलं, मग घराच्या मागच्या बाजूला नेलं आणि हळूच दाबून बघितलं. भिंत दबली नाही.

"ही कशी राहिली?"

"ती मी ठोकली."

"आणि बाकीचं?"

"शामानं."

हे मला लागलं, पण खोटं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला. अण्णांनी पाटाकडं बोट केलं, आधी ओवाळून घे म्हणाले. "थांब," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या काळ्या वाळूत हात घातला. मूठ दाबली, उघडली. भुगा झाला. "ह्यात माती घाल की रे. नुसती जळकी वाळू उभी राहते काय? आणि मार्कंडेय नदी किती आखूड केलीस. चल, पाणी आण."

अण्णा पाणी आणायला गेले. साठी कधीच ओलांडलेला माणूस बादली घेऊन चक्क पळाला. चंद्राबाई माती कालवायला लागल्या. उजवा खांदा दुखत असणार, कारण कालवत डाव्या हातानं होत्या.

ओवाळणं दुपारी झालं, मातीच्या हातानं. अण्णांनी ओवाळणी घातली आणि सवयीनं विचारलं, "उद्याच्या गाडीला किती वाजता निघायचं?"

"कशी जाऊ?" चंद्राबाई म्हणाल्या. "निम्मं आयुष्य इथं काढलंस आणि इथला पाऊस कुठल्या बाजूनं येतो ते तुला परवा कळलं. तुला असाच टाकून जाऊ काय?"

"मी आहे की," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तू पापड वाळवणारी."

तिकीट त्यांनीच आचार्यांकडून रद्द करवलं. तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा असतो, असं कारण सांगितलं. तुळशीचं लग्न झालं. किल्ला मोडला नाही, आणि त्याही गेल्या नाहीत. थंडीत अण्णांबरोबर शहापूरला जाऊन भांडी, चरखा आणि शेजाऱ्यांचा निरोप घेऊन आल्या. पुढच्या पावसात ते रिकामं घर बसलं. फोन आला तेव्हा अक्का इथं स्वयंपाकघरात होती. अण्णांनी मला ते सांगितलं, एवढंच, आणि मुठीची उघडझाप करत बसले.

मी बेळगाव अजून पाहिलेलं नाही. पण तिथून घाटाकडं जाताना चढ कळत नाही हे मला माहीत आहे, आणि कुणामुळे माहीत आहे तेही.

होसकोटेच्या बाजूला आभाळ भरलं की आता प्लास्टिक चंद्राबाई टाकतात. मी दिसलो तर हाक मारतात, "शामा, गोकाककडचं टोक धर." मी धरतो. ताणून धरलं नाही तर पुन्हा धरायला लावतात. घराण्याचं वळण आहे. तिथं सूट मिळत नाही, आणि मला ती नकोही आहे.