रक्ताची पितळी
सत्तर सालानंतरची गोष्ट. तीर्थपुरीजवळ रानात माझ्या दिराला घोणस चावली. सासऱ्यांनी दाढीच्या पात्यानं त्याच्या पायाला चिरा दिल्या आणि खाली जेवणाची पितळी मला धरायला लावली. रक्त पाण्यासारखं पातळ, थांबायचं नाव घेईना. सासरे खुशीत म्हणाले, “इख उतरून राह्यलं. बराबर धर.” तासाभरानंही पितळीतलं रक्त गोठलं नव्हतं, माशा त्यात बुडत होत्या. दीर तिसऱ्या दिवशी गेला.

पुढं मी दवाखान्यात आया म्हणून लागले. डॉक्टर म्हणाले, त्या विषातलं एक प्रथिन आपल्याच रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या घडणीचं असतं. रक्त त्याला फसतं, गोठायची सगळी ताकद आतच खर्चून बसतं, मग चीर मिटत नाही.

दिराच्या तेराव्याला सासूनं तीच पितळी राखेनं घासून मला त्यात वाढलं. मी जेवले.